वीजवही

बॅटरीच्या खोलीची किल्ली माझ्या गळ्यात असते,
काळ्या मण्यांच्या शेजारी.
सासू म्हणते, दोन्ही एका गाठीला बांधू नकोस.

पाटणहून वर पठाराकडं पवनचक्कीची पाती निघाली
तेव्हा मी सहावीत होते.
एकेक पातं एवढं लांब, की वळणावर
गाडीचं तोंड एका डोंगरात आणि शेपूट दुसऱ्या.
त्याला वाट व्हावी म्हणून घाटातली जांभळं पाडली,
वळणं रुंद केली.
आम्हाला वाटलं, आता एसटी येईल.
पाती गेली.
एसटीचं अजून काही कळलं नाही.

मग रात्री पठारावर तांबडे दिवे उघडझाप करायचे.
आम्ही पोरं ते मोजत झोपायचो,
चिमणीत रॉकेल नसलं की लवकर.
बिरूआजा घोंगडी ओढून घ्यायचा नि म्हणायचा,
वारं आपलं, वीज भलत्याची.

आमच्या पाट्या आल्या तीन वर्षांमागं, माघात.
अठरा.
शेवटचा दीड कोस माणसांच्या पाठीवरून.
ठकूबाई झोरेनं एक काच
घोंगडीत गुंडाळून पाठीशी बांधली,
लेकराला बांधतात तशी,
आणि वाटेत तंबाखू मळायलासुद्धा
खाली टेकली नाही.

घराला दोन दिवे, एक सॉकेट.
टीव्हीवरून भांडण झालं, ते मिटलेलं नाही.
गिरणीचं पुढच्या वर्षी बघू, हे तिसऱ्यांदा ठरलं.
आणि कुणी किती जाळलं ते लिहायला
मला शंभर पानी वही दिली,
कारण माझं अक्षर बरं.

वहीत असं आहे:
नवलू शेळके, रेडिओ, वजा.
बमाबाई, पोराची दहावी, पहाटे चार ते सहा, माफ.
ठकूबाई, गोठ्यात दिवा, म्हैस अडलीय, रात्रभर.
त्यापुढं काय लिहावं सुचलं नाही.
त्या रात्री सगळ्या वस्तीनं आपापले दिवे मालवले होते,
मी कुणाला सांगितलं नव्हतं.
रेडकू झालं. त्याला सगळे सोलर म्हणतात.

आषाढात खरी परीक्षा.
ढग दारातून आत येऊन चुलीपाशी बसतात,
बावीस बावीस दिवस काचेवर ऊन नाही,
बॅटरीचा काटा म्हाताऱ्याच्या नाडीसारखा.
मी वहीत रेघा मारते.
वर धुक्यात पाती दिसत नाहीत,
नुसती ऐकू येतात:
घूं, आणि थांबून, घूं.

अशाच एका सांजेला दाराशी एक माणूस उभा.
प्लास्टिकच्या खोळीतून पाणी गळतंय.
पवनचक्कीचा राखणदार, बत्तीस शिराळ्याकडचा.
म्हणाला, वादळानं खांब पडलाय,
केबिनमध्ये तीन दिवस अंधार आहे,
बायको बाळंतपणाला गेलीय,
एवढा फोन लावता का?

सासूनं माझ्याकडं पाहिलं.
बिरूआजा असता तर हसून हसून खोकला असता.
मी काटा बघितला. मग आमच्या घरचा दिवा काढला
आणि त्याचा फोन लावला.
त्यानं चहा घेतला, चुलीकडं पाय करून बसला.
नऊ वाजता फोन वाजला. मुलगी.

वही उघडून मी लिहिलं:
पवनचक्की, मोबाइल एक, दीड तास.
शेवटच्या रकान्यात माफ लिहिणार होते.
मग विचार केला,
आणि लिहिलं, उधार.