केलिरिक्को

हार्मासारी बेटावर तीन घरं, एक धक्का,
आणि एप्रिलात लागणारा एक शब्द: केलिरिक्को.
मला आधी त्यात आपली केलि ऐकू आली, क्रीडा,
आणि पुढे काहीतरी रिक्त.
वेर्नेरी हसला. गिरमिटाचं पातं बाहीला पुसत म्हणाला,
"केली म्हणजे वाट कशी आहे ते.
रिक्को म्हणजे मोडलं."

मोडलेली वाट मात्र दिसत नाही.
दिसतो तो अखंड पांढरा समुद्र, उन्हात लखलखीत.
होडीला बर्फ जास्त,
पावलाला कमी.

डिसेंबरातही हाच शब्द म्हणतात, पण घाई नसलेल्या आवाजात:
बर्फ धरतोय अजून, पंधरवड्यात ट्रॅक्टर जाईल.
एप्रिलात तोच शब्द
दाराकडे न बघता म्हणायचा असतो.

रोज सातला तो भोक पाडतो, पट्टी बुडवतो,
वहीत लिहितो. चौतीस. एकोणतीस. एकवीस.
आकड्यावरही विसंबता येत नाही;
वसंतातला बर्फ उभा चिरत जातो,
मेणबत्त्यांची जुडी जशी,
फक्त दोरा कुणी बांधलेला नाही.
त्याच्या गळ्यात दोन लाकडी मुठी, टोकाला खिळे:
पडलास तर यांनी स्वतःला ओढून काढ.
बापाच्या आहेत.
बापाच्या त्या दिवशी खुंटीवर राहिल्या होत्या.

मी बदकं मोजायला आले होते, आठ दिवसांसाठी.
आज सतरावा.
पंख्याची होडी मंगळवारी येईल म्हणतात,
पंखा दुरुस्तीला गेलाय.

आउलिक्की तुर्कूच्या इस्पितळात.
नर्सचा फोन: प्रकृती खालावतेय.
तिचा शब्द शहरातला, इस्त्री केलेला;
वेर्नेरी तो दोनदा म्हणून बघतो, मग मला विचारतो,
तुमच्यात काय म्हणतात?
बिघडते, मी सांगते. ढासळते. चिघळते.
खंगतं माणूस. विकोपाला जातं.
"इतके शब्द?" तो म्हणतो,
"बरीच मोडते म्हणायची तुमची वाट."

मी त्याला सांगत नाही
की आमचे सगळे शब्द उताराला लागलेले,
हात सुटलेल्या गाडीसारखे.
त्याचा तेवढा मधेच उभा.
त्यात जाता येत नाही, परतता येत नाही,
लाकडं फोडता येतात,
कॉफी पुन्हा तापवता येते,
तिसऱ्या घरच्या सुल्होला
उगाच विचारता येतं, वारा कुठला?

रात्री बर्फ कण्हतो. खरंच कण्हतो,
मला आधी वाटलं कुत्रं.
वेर्नेरी उठून फोन लावतो.
तिकडे कुणीतरी तिच्या कानाशी धरतं.
कशी आहेस विचारत नाही तो.
म्हणतो, "चौदा."

बराच वेळ नुसता श्वास.
मग आउलिक्की, अगदी स्पष्ट, मलाही ऐकू येईल अशी,
"मग येऊ नकोस."

त्याने फोन ठेवला.
मग खाली वाकून
बुटांच्या नाड्या सोडल्या.