उसनं विरजण

गंगावेशीच्या कट्ट्यावर बत्तीस वर्षं
म्हशी उभ्या केल्या मी.
गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार.
तालमीतली पोरं ग्लास उपडा करून
ओठावरचा फेस पुसत म्हणायची,
मामा, आणि एक.

त्या मला परवा
दवाखान्यातली चष्मेवाली पोरगी,
बिल्ल्यावर नाव, अन्विता मगदूम, आहारतज्ज्ञ,
म्हणाली, काका, कच्चं दूध बंद.
धारोष्णाचं तर नावच नको.
मी हसलो.
मग बघितलं, ती हसत नव्हती.

डेअरीची चिठ्ठी यायची : फॅट सात, एसएनएफ नऊ.
तेवढ्यावरून सांगायचो
कुठल्या म्हशीला सरकी कमी पडली.
आता लॅबची चिठ्ठी चष्मा लावून वाचतो.
पांढऱ्या पेशी अठराशे.
खाटेवरून शालन विचारते,
फॅट किती लागलं?

तिसऱ्या सलाईननंतर तोंड आलं तिचं.
जिच्या तांबड्या रश्श्याला
पावणे कराडहून यायचे
तिला पाणीसुद्धा झोंबतं.
चमच्याला लोखंडाची चव येते म्हणते.
म्हणून आईस्क्रीमचे लाकडी चमचे आणलेत, पुडाच.
मऊ भात, मुगाचं कढण, त्यात तूप,
अंडं पक्कं उकडलेलं,
दर दोन तासांनी चार घास.
आयुष्यभर लिटरात मोजत आलो,
आता बायको ग्रॅममध्ये मोजतो.

दह्याचं काय, विचारलं.
आत्ता नको, अन्विता म्हणाली.
मेडिकलमधली प्रोबायोटिकची पाकिटंसुद्धा
डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.
चांगले असले तरी जिवंत जंतूच ते, काका.
दारावरचा राखणदार रजेवर असला
की पावण्यालाही आत घेऊ नये.

हे मला पटलं.
पण घरी विरजणाची वाटी होती.
सत्तावीस वर्षांमागं बिद्रीहून, माहेराहून,
एसटीत मांडीवर धरून आणलेलं,
रोज रात्री चमचाभर पुढं चालवलेलं.
दवाखान्याच्या फेऱ्यांत मी विसरलो.
अकराव्या दिवशी झाकण काढलं तर
वर हिरवी लव.
मोरीत ओतलं. वाटी तीनदा घासली.
आनंदावर विरजण पडतं म्हणतात लोक.
विरजणावर काय पडतं,
त्याला शब्द नाही.
तिला सांगितलं नाही.

महिनाभरानं चिठ्ठी आली : बेचाळीसशे.
डॉक्टरांनी मान हलवली,
उकळलेल्या दुधाचं, ताजं, वाटीभर, चालेल.
मी गप्प.
शालन भिंतीकडं बघत म्हणाली,
मेलं न्हवं ते?
मला वासावरनंच कळलं होतं.
जैबूनभाभीकडं जा.
सहा वर्षांमागं रोज्यांच्या दिवसांत
माझ्याकडनंच नेलं होतं तिनं.

भाभींनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.
मडक्यातनं चमचाभर काढून वर बशी झाकली.
उसनं परत करतेय, म्हणाल्या,
व्याज मागू नका.
गल्ली ओलांडायला मला
किती वेळ लागला, सांगत नाही.
दोन्ही हातांत वाटी,
आणि आमचा टिप्या कुत्रा पायात.

दूध तीनदा वर येऊ दिलं.
कोमट झालं का बघायला बोट घालणार होतो,
घातलं नाही.
भांड्याच्या पोटाला बाहेरून तळवा लावून बसलो,
व्यायला झालेल्या म्हशीच्या
पोटाला लावतो तसा.

सकाळी दही लागलं होतं.
चमच्यानं काप घेतला तर कड उभी राहिली.
दीड चमचा खाल्ला तिनं.
तोंड वाकडं केलं, डोळे मिटले.
मी उठलोच.

आंबट हाय, म्हणाली.
मग थांबून,
लोखंड न्हाई लागलं.

गुरुवारी पुढची सलाईन.
पेशी पुन्हा उतरतील, दार पुन्हा बंद.
वाटीतलं चमचाभर वेगळं काढलं,
बशी झाकली,
आणि भाभींकडं ठेवायला घेऊन निघालो.