मानशीचं दार

शुक्रवारी सकाळची फेरी धरून
पिएदाद चोडणहून माझ्या खोलीवर आली.
वकिलाने मोबाईलवर दिल्ली लावून दिली होती
आणि तिच्या घरात रेंज नाही.

मी तिच्या खटल्याचा दुभाषी. म्हणजे कागदांचा.
नव्वद वर्षांपूर्वीचा, कसर लागलेला पोर्तुगीज करार:
मानस कुणी राखायची, तिथली मासळी कुणाची.
पानामागे दीडशे घेऊन मी तो इंग्रजीत उतरवला.
एका शब्दापाशी चार दिवस अडलो होतो,
'राखण' लिहू की 'ताबा'.

मामलेदारापासून पर्वरीपर्यंत एकवीस वर्षं.
आणि वर ही परवानगीची याचिका,
जी 'ऐका' म्हणत नाही,
'ऐकायचं की नाही ते ठरवा' म्हणते.

सेहेचाळीस नंबर कुणाची तरी पेन्शन.
सत्तेचाळीस.
आमचा वकील म्हणाला, पान एकशे बारावर यावं.
एका न्यायमूर्तींनी मान वर केली.
दुसऱ्यांची फाइल मिटलेलीच होती.
हस्तक्षेपाचं कारण दिसत नाही,
कायद्याचा प्रश्न खुला ठेवतो.
बशीतला चहा अजून फुंकण्याजोगा होता.

अठ्ठेचाळीस.

मी समजावू लागलो. दिवसाला साठ-सत्तर फायली,
माणसं दोन, रात्री वाचून येतात बिचारे.
तुझ्यावर अन्याय झाला एवढं पुरत नाही गे,
तो देशाला पुरेल एवढा लागतो.

ठाऊक आहे, ती म्हणाली.
भरती आली की दार पाण्याच्याच भाराने मिटतं,
कुणी ढकलावं लागत नाही.
सगळं आत घेतलं तर शेत खारं होईल.
माझ्या घोवाने चाळीस वर्षं तेच केलं.

बराच वेळ ती मोबाईलकडे बघत राहिली.
तिथे आता कुणाची तरी पुलाची निविदा चालली होती.

पण तो उठायचा, म्हणाली.
अमाशेला, पुनवेला, भर रात्री,
फळीपाशी कंदील धरून बघायचा
काय येतंय ते.

खुला ठेवला म्हणजे काय?
प्रश्न, मी म्हटलं. दार नव्हे.

तिने मूळ करार परत मागून घेतला,
प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली.
उरलेले साडेतीनशे टेबलावर ठेवले;
मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही.

जेवून जा म्हटलं, तर म्हणाली
दोनला ओहोटी लागते,
फळ्यांत कचरा अडकतो,
कुणीतरी असायला हवं.