तेरा घरं

सकाळी पावणेसातला कैलासचा फोन, कचरागाडीवरून.
मागं भोंग्यावर रोजचंच गाणं.
"मॅडम, गली में मकान एक है,
आपका ऐप तेरह बता रहा है."

इंदूर, लोकमान्य नगरच्या मागची गल्ली.
रस्ता रुंद झाला तेव्हा बाकीची घरं गेली,
उरलं ते एक. पाटीवर: कुसुम खांबेटे.

ओट्यावरच लॅपटॉप उघडला. दूध तापत होतं.
लायब्ररीला म्हटलं, या गल्लीतली घरं दे.
दहा असली तर ती यादी देते.
दोन असली तरी यादी.
एकच असलं, की नुसतंच हातावर ठेवते,
दहा रुपयांची म्हणून शेव पुडीत न बांधता द्यावी,
तसं. मल्हारगंजात असं कुणी देत नाही.
आणि एकही नसलं तर म्हणते, खोटं.
शून्य नाही, रिकामी यादी नाही.
खोटं.

माझ्या मोजणीला यादी मोजायची सवय.
तिनं समोर आलं ते मोजलं:
क, त्याचा उकार, स, त्याचाही उकार, म,
मधली मोकळी जागा,
ख, काना, डोक्यावरचा अनुस्वार,
ब आणि मात्रा, ट आणि मात्रा.
तेरा.

कोडमध्ये खोल, सहा वर्षांपूर्वीची ओळ.
लिहिणारा कुणी झोकरकर, कधीच सोडून गेलेला.
शेजारी त्याचा एका शब्दाचा शेरा: सोयीसाठी.
कुणाच्या, ते लिहिलेलं नाही.

दूध उतू गेलं.
आई आतून म्हणाली, "खांबेटेबाई ना?
त्या एकट्याच असतात आता."
असतात.
गॅस पुसता पुसता मी त्या शब्दापाशी थांबले.
एकच बाई, आणि आईनं किती सहज
तिच्याभोवती अनेकवचन ठेवलं.

मग दोन ओळी लिहिल्या.
एक असलं तरी यादीत घाल.
काही नसलं तरी यादी दे, रिकामी.

दुसऱ्या दिवशी कैलासनं मुद्दाम कळवलं, "अब एक आ रहा है."
फोन ठेवायचा सोडून सांगत बसला,
बाई रोज फाटकाशी दोन्ही डबे घेऊन येतात,
ओल्याचा आणि सुक्याचा.
सुक्यात बहुतेक काही नसतं.
तरी त्या देतात. तोही घेतो,
गाडीच्या कडेवर उलटा करून दोनदा आपटतो
आणि परत देतो.