लोडशेडिंग

पहाटेचे चार. डंडी.
छपरांवर सीगल भांडताहेत
आणि मला कूस बदलता येत नाही.

डोळे चालू. जीभ चालू. श्वास, तोही.
मानेखालचा सगळा फीडर बंद.
पांघरुणाखाली पाय आहेत हे मला माहीत आहे,
लांबच्या गावी कुणा नातेवाइकाचं घर असतं
तेवढंच.

घाबरायचं नाही. काल काय काय झालं ते आठवायचं:
वीणाकडे बारसं, दोन वाट्या श्रीखंड, पुऱ्या,
"एका दिवसानं काय होतंय" असं कुणीतरी म्हणालं
(बहुधा मीच),
मग बस चुकू नये म्हणून चढावर धावले
आणि घरी येऊन तशीच झोपले.
गोड, धाव, झोप.
तिन्ही एका रात्रीत. शाबास.

"श्रीरंग."
तो आता ॲम्ब्युलन्स बोलावत नाही.
ग्लासात पोटॅशियमची गोळी फसफसते,
तो मान उचलून धरतो, स्ट्रॉ ओठांशी आणतो.
थोडं थोडं, एकदम नाही, जास्त झालं तर काळीज बिघडेल.
गिळता येईना किंवा छातीत फडफड झाली
तरच फोन. हे फ्रिजवर लिहिलंय,
आणि खाली लाल पेनानं:
ग्लुकोज लावू नका.

पहिल्या वेळी लावलं होतं.
त्याआधी एका तरुण डॉक्टरनं माझा हात
माझ्याच तोंडावर उंच धरला आणि सोडून दिला,
सोंग असेल तर बाई नाक वाचवेल म्हणून.
नाक आठवडाभर दुखलं.
"घरी काही ताण आहे का?" त्यानं विचारलं.

अण्णांना कुणी एवढंही विचारलं नाही.
माण तालुक्यात वायरमन. कुणाच्या तरी लग्नाची बुंदी खाऊन
रात्री ब्रेकडाउनला गेले, दोन खांब चढले, उतरले,
दम खायला डीपीपाशी बसले
ते उजाडेपर्यंत उठलेच नाहीत.
साहेबांची जीप तिथूनच गेली.
कामावर असताना मद्यधुंद. तीन महिने घरी.
दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावली,
तशी उरलेली बोटंही गेली.
आईनं शहाळं पाजलं,
चढलेली उतरावी म्हणून.
संध्याकाळी ते उठून बसले.
आई म्हणाली, बघा, उतरली.

माझ्या तपासणीचं पत्र मार्चमध्ये आलं.
लाखो अक्षरांत एका अक्षराच्या जागी दुसरं,
आणि ते बहुतेक वडिलांकडून, डॉक्टर कार्स्टेअर्स म्हणाल्या,
विचारून बघा, घरात कुणी असं
मधूनमधून पडून राहायचं का?

मी फोनवर अण्णांना सगळं सांगितलं.
पेशींची दारं, क्षार, दार नको तेव्हा उघडं राहतं ते.
त्यांनी ऐकून घेतलं. आता जिन्याला कठडा लागतो त्यांना,
झटके थांबलेत, पण मांड्यांतला जोर गेला तो गेलाच.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, "हे लिहून मिळेल का?
मराठीत?"
अण्णा, आता कुणाला दाखवणार,
ते साहेब गेले, मंडळाचं नावसुद्धा बदललं.
"तुझ्या आईला," ते हळूच म्हणाले.
"आत आहे. भाजी चिरतेय."

तेव्हापासून वही टेबलावर आहे. दोन ओळी झाल्यात.
"जीन"ला काय लिहू इथे अडले,
मग कामं निघाली, मग नुसतंच राहिलं.

साडेपाच. खिडकीत टे नदी राखाडी होते आहे.
डाव्या पायाचा अंगठा
हलला, की हलल्यासारखं वाटलं?
पुन्हा.
लहानपणी बल्ब लागला की अख्खी गल्ली ओरडायची: आली!
श्रीरंग खुर्चीतून वाकतो. "आली?"
"सिंगल फेज," मी म्हणते.
तो हसतो, दुसरी गोळी पाण्यात सोडतो.

वही इकडे आणून ठेव, म्हटलं.
हात यायला अजून तासभर लागेल.