अठ्ठावीस तासांची सांगली

यशोधरा येते आहे. शनिवारी, महाराष्ट्र एक्सप्रेसने,
भंडारा रोडहून अख्खा एक दिवस नि एक रात्र बसून.
गाडी वेळेत आली तर दुपारी बारा.
रविवारी पावणेचारला तीच गाडी, उलट्या तोंडाची.
म्हणजे पंधरा मिनिटं कमी अठ्ठावीस तास.
त्यातले आठ झोपेचे.
जेवणाचे मी मोजतच नाही, ती सावकाश जेवते.

अश्लेषाने, माझ्या सुनेने, फोनवर यादी केली आहे.
अकरा ठिकाणं. प्रत्येकापुढे मिनिटं.
फोन म्हणतो, सांगली ते मिरज वीस.
फोनने कधी जानेवारीत उसाच्या ट्रॉलीमागून
गाडी काढलेली नाही:
एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या,
आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल एवढं गाणं.
मी पस्तीस लिहिते. वर दहा राखीव.

दंडोबा खोडला. डोंगर चांगला आहे, गुडघे नाहीत.
बावीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहिलेल्या बाईला
चढ दाखवायचा, हा कुठला पाहुणचार?
सागरेश्वर खोडलं. हरणं दुपारी सावलीला जातात,
ती काही आपल्या ड्युटीवर नाहीत.
हळदीचा सौदा रविवारी बंद.
खिद्रापूरला पेन अडलं.
ते देऊळ तिने हात लावून लावून पाहिलं असतं.
पण जाऊन येऊन अर्धा दिवस,
आणि परतताना ती मान टाकून झोपणार,
मी तिला उठवणार, बघ गं, कृष्णा,
आणि ती न बघताच म्हणणार, छान.
खोडलं.

“आई, मग उरलं काय?” अश्लेषा विचारते.
हिला वाटतं मी गाव कमी करते आहे.

भोसरीला ट्रेनिंगमध्ये आमचे पलंग शेजारी होते.
रात्री बत्ती गेल्यावर ती टप्पे पाठ करायची,
मी तिचे, ती माझे.
मला अजून भंडारा ते पवनी येतं, मधल्या थांब्यांसकट.
तिथे मी कधी गेलेली नाही.

काल फोन केला. म्हटलं, गणपती, आयर्विन पूल,
मिरजेत सतारीचे भोपळे, हरिपूरचा संगम, काय काय बघशील?
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाली, “मले तुहा डेपो पाहाचा हाय बाई.
तू लिवत होती ना, मागच्या नळाचं पाणी
उन्हाळ्यातबी थंड राह्यते.”

तो नळ यादीत नव्हता.
तो नळ आता असेल का, हेही मला ठाऊक नाही.
रिटायर झाल्यापासून मी मागच्या बाजूला गेलेच नाही.
आज दुपारी जाऊन आले. आहे. तोटी नवी बसवली आहे.
वॉचमन नवा, त्याने विचारलं, कुठं जायचंय मावशी?

तर असं ठरलं.
शनिवारी दुपारी झोप, जोर करून.
साडेपाचला पूल. पायी, आणि अर्ध्यापर्यंतच,
तिथून पाणी दिसतं, पलीकडे गेलं की नुसता रस्ता.
रविवारी सकाळी गणपती, गर्दीच्या आधी.
मग हरिपूर. रिक्षा नाही, बस.
तिला खिडकी द्यायची, डाव्या बाजूची,
चिंचा त्या बाजूला जास्त आहेत.
आम्ही दोघी अख्ख्या नोकरीत
खिडकीला बसलो असू त्या फक्त रिकाम्या गाडीत,
शेवटच्या फेरीला, पैसे मोजत.
तिकीट मी काढणार. सुटे आत्ताच पाकिटात ठेवले.

मिरज जमलं तर. नाही जमलं तर भोपळे पुढच्या वेळी.

मग डेपो. वेळ: लिहिलेली नाही.

भडंग आदल्या दिवशीच घेऊन ठेवायचं, दोन किलो,
एक तिचं, एक गाडीत वाटायला.
पावणेचारची गाडी म्हणजे घरातून तीनला.
तिची पिशवी, माझे गुडघे, स्टेशनचा जिना.
अडीच.