जिरावण

त्याच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक ठिपका आहे,
पोह्यांवर भुरभुरावा तसा, म्हणून नाव जिरावण.
हाक मारताना नुसतं जिरू.
बाकी अंग काळं, वजन बेचाळीस किलो, मान बैलाची.
भाचा बंगळूरला गेला तेव्हा ठेवून गेला:
पट्टा, भांडं, लसींचं कार्ड,
आणि "मावशी, दोनच महिने."
त्या दोन महिन्यांतली ही तिसरी दिवाळी.

लोकमान्य नगरात त्याला नावानं कुणी ओळखत नाही.
"रॉटवायलर है," म्हणतात,
आणि ओट्यावरून खाली सोडलेले पाय वर घेतात.
कचरागाडीवरचा पोरगा बादली लांबूनच मागतो.
शेजारचे पोरवाल भिंतीवरून रोज एक गोष्ट सांगतात:
कुठल्याशा गावात, कुणाच्याशा घरात,
सात वर्षं हातानं भरवलेला,
"और एक दिन, ताई, अचानक..."
पुढचं ते बोलत नाहीत, गळ्याशी बोट नेतात.
"इस नसल का भरोसा नहीं."

मी हसते.
रात्री मात्र दाराला आतून कडी लावते.
तो बाहेर उसासा टाकतो, दाराला पाठ लावून निजतो,
फळी किंचित करकरते,
आणि मी जागी, हिशेब करत:
आज जेवताना त्यानं मान वर केली नाही.
आज पोरवालांच्या गुनगुनचा चेंडू आला
तेव्हा शेपूट थांबलं होतं का?

डॉक्टर छाबडा म्हणतात, अचानक असं काही नसतं.
आधी अंग गोठतं. डोळ्यांचं पांढरं दिसतं.
तोंड मिटतं.
आपण बघत नाही, एवढंच.

बघायचं कसं ते मला शिकवू नका, डॉक्टर.
आमच्या बाबांचा आधी डावा कान लाल व्हायचा.
मिलमधून आल्यावर घड्याळ काढून
टेबलावर पालथं ठेवलं, की त्या रात्री
आम्ही पानात मीठसुद्धा मागत नसू.
त्यांच्या खोलीत शिरण्याआधी
आई बांगड्या वाजवायची, दोनदा,
दचकू नयेत म्हणून.
तरी एका मे महिन्यात आमरसाची वाटी भिंतीवर फुटलीच,
आणि काका पाहुण्यांना म्हणाले, कौतुकानं बरं का,
"गुळवण्यांचं रक्तच तापट!"
त्या रक्तावर लग्नं जमली.
कुणाचं काही अडलं नाही.

मंगळवारी
चेंडू भिंतीवरून आला, जिरूनं तोंडात धरला.
पलीकडे गुनगुन टाचा उंचावून, बोटं तेवढी दिसत होती.
"दे," म्हटलं. दिला नाही.
"दे."
तोंड मिटलेलं. अंग गोठलेलं.
डोळ्यांचं पांढरं दिसलं.
मी सगळं बरोबर वाचलं, अक्षर न् अक्षर,
आणि पट्टा माझ्याच हातात होता,
बकलाची बाजू खाली.

एकदा.
मग आणखी एकदा.
तिसरा मी मोजला नाही.

तो गुरगुरलासुद्धा नाही.
चेंडू हळूच ठेवला माझ्या पायाशी, लाळेनं ओला,
आणि उभ्या जागी मुतला,
एवढा थोरला जीव.

पोरवालकाकू धावत आल्या,
"काट लिया क्या? ताई, काट लिया?"
"नाही," म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून.
कान गरम झाला होता माझा.
डावा.

फरशी पुसली, फिनाइल टाकलं,
चेंडू धुऊन परत दिला.
भाच्यानं आणलेलं मुसकं खिळ्यावर आहे,
त्याच्या मापाचं.

आता पोळी देताना तो आधी माझा हात बघतो,
मग चेहरा,
मग पुन्हा हात.
कडी मी लावत नाही.
बांगड्या तर कधी घातल्याच नाहीत;
तो निजलेला असेल त्या खोलीत शिरताना
किल्ल्या वाजवते, दोनदा.
आधी ते दोन ठिपके हलतात.
मग तो डोळे उघडतो.